बांडीचा पहिला चीक

धाकट्या भावाच्या सासऱ्यांना आपण काय म्हणायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आईचे ते व्याही, भावाचे सासरे, माझे कोण? त्यांच्या गावात सगळे त्यांना आबा म्हणायचे, म्हणून मीही आबा म्हणू लागले. ते मात्र पहिल्या दिवसापासून मला ताई म्हणत आले. मी त्यांच्याहून कितीतरी लहान, तरी माझ्यासमोर टोपी नीट बसवल्याशिवाय त्यांनी कधी तोंड उघडलं नाही. मी मुलाकडची होते ना!

बेडशाच्या लेण्यांखाली त्यांचं घर. पुढे गोठा आणि मागे माणसं, अशी त्याची रचना. गोठ्याला सिमेंटचा कोबा, वर नवे पत्रे, भिंतीवर पंखा. मागच्या घरात अजून शेणानं सारवलेली जमीन आणि पावसाळ्यात दोन ठिकाणी ठेवलेली पातेली. त्यांची बायको, म्हणजे मावशी, पाहुण्यांना हे सगळं दाखवून सांगायची, "ह्यांनी मला पसंत केली ती बी घरी जाऊन म्हशीला इचारून."

"मग? काय म्हणाली म्हैस?" मी एकदा विचारलं.

"तिनं मान हालवली म्हनं. माश्या बसल्या आसतील."

आबा यावर हसायचे नाहीत. त्यांना यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही.

मुलगी बघायला आम्ही गेलो, तेव्हा सगळी जबाबदारी माझ्याकडे होती. वडील नव्हते, आई बोलायला बुजते आणि मी शाळेच्या कार्यालयात नोकरी केलेली. त्यामुळे काय काय विचारायचं ते मी कागदावर उतरवून नेलं होतं. एकही प्रश्न विचारायच्या आत आबांनीच विचारलं, "तुमच्याकडं जनावरं किती?"

आमचं घर लोणावळ्यात, चौथ्या मजल्यावर. आई म्हणाली, "आमच्याकडे नाहीत जनावरं."

आबांचा चेहरा खरोखरच चिंताक्रांत झाला. "मग सांजच्याला काय करता?"

याचं उत्तर माझ्या कागदावर नव्हतं. शेवटी भाऊ म्हणाला, "टीव्ही बघतो." आबा त्याला हाताला धरून गोठ्यात घेऊन गेले. पगार, घर, गाडी यातलं काही न विचारता त्यांनी त्याला एका काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या गाईपुढे उभं केलं. गाईनं त्याचा हात मनगटापर्यंत चाटला. तो मागे सरला नाही, आणि तेवढ्यावर आबांनी मुलगी द्यायचं ठरवलं. भावानं मला पुढे खाजगीत सांगितलं, की भीतीनं त्याचे पायच उचलले नव्हते.

ती ठिपक्यांची गाय म्हणजे बांडी. लग्नात आबांनी ती आंदण दिली. नुसती तोंडानं नाही. अंगावर झूल, शिंगांना गोंडे, अशी तिला थेट मंगल कार्यालयाच्या दारात आणून उभी केली. कार्यालयाचा व्यवस्थापक माझ्याकडे धावत आला. मी आबांना बाजूला घेऊन म्हटलं, "आबा, आम्ही हिला ठेवणार कुठे?"

"ठिवायची माज्याकडंच. चारा माजा, पानी माजं. पर गाय तुमची. पोरीला मोकळ्या दाव्यानं, रिकाम्या हातानं लावून दिली आसं नगं व्हायला."

तेव्हापासून बांडी आमची झाली, आणि आबा तिचे राखणदार. हे त्यांनी शब्दशः पाळलं. दर दोन-चार दिवसांनी फोन यायचा आणि तो भावजयीला नाही, भावाला. "पावनं, तुमची गाय आज वर डोंगराला सोडू का? पाऊस लय हाय." भाऊ मीटिंगमध्ये असला तरी म्हणायचा, "सोडा आबा." मग पाय मुरगळला, दात हलतो, वैरण खात नाही, आता खाते. ऑफिसात त्याची थट्टा व्हायची. एक सहकारी रोज सकाळी त्याला विचारायचा, "काय, मॅडमनी आज वैरण खाल्ली का?" भाऊ मला चिडून म्हणायचा, "ताई, यांना सांग ना, गाय तुमचीच आहे, काय करायचं ते करा."

मी सांगायला गेले नाही, कारण एव्हाना एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. गाईचं सगळं सांगून झालं, की फोन ठेवताना ते हळूच विचारायचे, "बाकी समदं बरं हाय न्हवं?" त्या 'बाकी'मध्ये त्यांची लेक होती. मुलीची चौकशी थेट केली, तर सासरच्यांना वाटेल यांचा आपल्यावर भरवसा नाही. म्हणून हा माणूस आधी गाईचे पाय, दात आणि शेपूट सांगत बसायचा.

त्यांच्या तऱ्हा एकेक होत्या. लेणी बघायला येणारी पोरं-पोरी रस्त्यात गुरं दिसली की फोटो काढायला थांबत. आबा आडवे यायचे. "आदी नाव तर इचारा तिचं. वळख ना पाळख, आन गळ्यात हात?" पोरं हसत हसत नाव विचारायची. मग आबा गाईलाच सांगायचे, "पुन्याची हायेत गं. जाऊ दे, काडू दे फोटू." लग्नकार्याला कुठेही गेले तरी संध्याकाळी धारेच्या आत परत. त्यांचा मुलगा तळेगावच्या कंपनीत, त्याची पाळी फिरती. पण तो घरी असला तरी धार आबाच काढणार. मावशीला एकदा इस्पितळात ठेवलं, तेव्हा हे रोज सकाळ-संध्याकाळ धार काढून कामशेतला चालत यायचे आणि तिच्या उशाशी बसून प्रत्येक जनावराची खबर द्यायचे. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं मावशीला विचारलं होतं, "तुम्हाला इतक्या सुना आहेत?"

हे सगळं मी आनंदानं लिहितेय, कारण पुढचं आनंदानं लिहिता येणार नाही.

भाच्याचा पहिला वाढदिवस भावाच्या सोसायटीच्या हॉलमध्ये होता. भावाला नुकतीच बढती मिळालेली. ऑफिसमधले वरचे साहेब येणार होते. जेवणाचं मी बघत होते, त्यामुळे मी सगळा वेळ हॉलच्या मागच्या बाजूला आचाऱ्याबरोबर. नेमकी त्याच दिवशी पहाटे बांडी व्यायली. त्यांच्याकडे रीत अशी, की आंदणाच्या गाईचा पहिला चीक लेकीच्या घरी पोचल्याशिवाय आपल्या चुलीवर चढवायचा नाही. मावशी वासरापाशी थांबली आणि आबा चिकाची किटली घेऊन लोकलनं लोणावळ्याला आले. गाय रात्रभर अडली होती. ते तसेच उठून आले. सदऱ्यावर डाग, पायात वहाण नाही.

गेटवरच्या रखवालदारानं भावाला फोन केला. "साब, एक दूधवाला आया है. बोलता है रिश्तेदार हूँ."

भावाच्या समोर साहेब उभे होते. तो म्हणाला, "उनको बोलो रुकने को. मैं आता हूँ."

आणि तो गेला नाही.

भावजय मधून मधून विचारत होती, "आबा कसे आले नाहीत?" भाऊ म्हणाला, "गाय व्यायलीय ना, अडकले असतील." केक कापला गेला, जेवणं झाली, साहेब गेले. दिवेलागणीला रखवालदार किटली घेऊन वर आला आणि भावजयीच्या हातात देऊन म्हणाला, "वो बाबा देके गये. बहोत देर बैठे थे बेचारे." उन्हात राहून चीक नासला होता. तो मोरीत ओतला गेला. सकाळी भावजय मूल घेऊन माहेरी गेली.

आईचा मला फोन आला. "तूच जा याला घेऊन. तुला जमतं असलं." असलं म्हणजे काय, ते ती बोलली नाही. मी वाटेत भावाला विचारलं, तेव्हा त्यानं गाडी चालवत, माझ्याकडे न बघता, सगळं सांगितलं. मी त्याच्याहून मोठी. लहानपणी मी त्याची दप्तरं भरली, पुढे अर्ज भरले, लग्न जमवलं. आता मला गाडीतून उतरून चालत परत जावंसं वाटत होतं. आम्ही शिकलेली, नीटनेटकी, वेळेवर बिलं भरणारी माणसं. आणि मी निघाले होते ते आमचीच लाज गुंडाळून परत आणायला.

आबा बोलतील, शिव्या देतील, निदान अबोला धरतील, अशी तयारी मी केली होती. आबांनी तसलं काहीच केलं नाही. गाडी दिसताच ते रस्त्यापर्यंत पळत आले. "जावई आल्यात! पावनं आल्यात!" असं त्यांनी शेजारच्या अंगणापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं. पाय धुवायला गरम पाणी, बसायला घडी मोडून नवीन घोंगडी. भावाच्या डोक्याला टोपी, हातात नारळ. मावशी पुरण घालायला लागली. येणाऱ्या-जाणाऱ्याला आबा बोलावून सांगत होते, "वाडदिस झाला नातवाचा, आता पोरीला न्यायाला आल्यात. करमत न्हाई त्यांना." भाऊ घोंगडीवर असा बसला होता, जणू ती तापलेली होती.

भावजय मला आतल्या खोलीत घेऊन गेली. "ताई, मी येईन. मला संसार मोडायचा नाही. पण ह्यांनी आबांपुढं स्वतःच्या तोंडानं कबूल केल्याशिवाय नाही. मला चुलीपाशी येऊन सॉरी म्हणून नाही चालायचं."

मागणी रास्त होती. मी बाहेर येऊन भावाला सांगितलं. त्यानं मान हलवली. तो घसा साफ करून म्हणाला, "आबा, त्या दिवशी..."

"आरं, म्हशीला पानी दावायचं ऱ्हायलं!" आबा उठून गेले.

परत आले. भाऊ म्हणाला, "आबा, मला तुम्हाला..."

"वैरण भिजंल तिकडं, आभाळ आलंय." आभाळ कुठेच नव्हतं.

जेवताना तेच. जेवणानंतर तेच. भाऊ गोठ्यात मागे गेला, तर आबा खोरं घेऊन उकिरड्यावर. उकिरड्यावर गेला, तर विहिरीवर. शेवटी मीच मावशीला म्हटलं, "मावशी, आबा असं का करतायत? त्याला बोलू तर द्या."

मावशी भांडी घासता घासता थांबली. "ताई, जावयानं सासऱ्याम्होरं वाकायचं? ह्यांच्या जिवाला ते सोसंल व्हय? ह्यांना वाटतं, आपल्यापायी जावयाला खाली बघायला लागलं. त्ये काय ऐकून घ्यायचे न्हाईत."

म्हणजे पेच असा होता: तो बोलल्याशिवाय ती येणार नाही आणि हे त्याला बोलू देणार नाहीत. मी आजवर पुष्कळ भांडणं मिटवली आहेत, पण ज्याचा अपमान झालाय तोच माफी चुकवत पळतोय, असं भांडण माझ्या हाताखालून गेलं नव्हतं.

वाट भावजयीनं काढली. उन्हं उतरल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "आता जा. धारेला बसले की ते उठत नाहीत. गाय पान्ह्याला आली की माणसाला उठता येत नाही."

आबा बांडीखाली बसले होते. गुडघ्यांत चरवी, कपाळ गाईच्या कुशीला टेकलेलं. आम्हाला बघून त्यांनी उठू पाहिलं, पण हात कासेशी होते आणि धार लागली होती. ते अडकले. मी दारातच थांबले. भावजय माझ्या मागे.

"बोलू नगा पावनं," आबा हळू म्हणाले. "परका आवाज ऐकला तर ती पान्हा चोरंल."

"आबा, रखवालदाराचा फोन मलाच आला होता," भाऊ म्हणाला. "मला माहीत होतं तुम्ही आहात. येतो म्हणालो आणि आलो नाही. साहेब होते म्हणून आलो नाही."

चरवीतला आवाज थांबला. बांडीनं खरंच पान्हा चोरला होता. तरी आबा तसेच बसून राहिले, कपाळ टेकलेलं.

"मला कुनी आडवलं न्हाई," ते म्हणाले. "मला घाई हुती. मीच आलो निघून."

"आबा, खोटं बोलू नका," भावजय मागून म्हणाली.

मग आबा गाईशी बोलावं तसं, तोंड न वळवता बोलले. "गेटापाशी नव्हतो मी. तितं पान्याची टाकी हाय ना, तिच्या आड बसलो हुतो. तुमची सायेब मानसं गाडीतनं उतरत हुती. माजा आवतार ह्यो. कुनी इचारलं आसतं, ह्यो कोन, तर तुमाला सांगाया जड गेलं आसतं. म्हनलं, सगळी आत जाऊ देत, मग पावनं येतील." बांडीच्या कुशीवरून हात फिरवत ते म्हणाले, "मग सगळी भायेर आली. म्हनलं, आता जावं."

भाऊ खाली बसला. शेणात, पँट सांभाळायच्या भानगडीत न पडता. आबांनी घाबरून त्याचा दंड धरला, "आवं उठा, उठा, कुनी बगंल!" तो उठेना. शेवटी आबाही त्याच्याजवळ बसले आणि सदऱ्याच्या बाहीनं स्वतःचे डोळे पुसत म्हणाले, "ह्ये गावात न्यायचं न्हाई. जावयाला नाव ठिवल्यालं मला खपायचं न्हाई."

भावजय त्याच संध्याकाळी आमच्याबरोबर आली. आईनं दारात विचारलं, "काय म्हणाले ते?" भाऊ म्हणाला, "काही नाही म्हणाले." ते खरंच होतं. निदान रागावले असते, तर आम्हाला काही उत्तर देता आलं असतं.

त्यानंतर भाऊ बदलला, असं मी म्हणेन. आबा आले की तो स्वतः खाली जायचा, पोराला गोठ्यात न्यायचा, फोनवर बांडीच्या दातांची चौकशी स्वतःहून करायचा. आबांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. मी त्यांच्याशी बोलताना मात्र नजर बाजूला न्यायची, आणि ते टोपी सरळ करून विचारायचे, "ताई, बाकी समदं बरं हाय न्हवं?"

गेल्या हिवाळ्यात आबा गेले. सकाळची धार काढून आले, चहा मागितला आणि तो मावशीनं आणेपर्यंत गेले होते.

दहाव्याला नदीकाठी अख्खं गाव होतं. मंडप, सतरंज्या, पुढे खुर्च्यांची एक रांग, आणि आमच्याकडे असतो तसा माईक. पिंडाला कावळा शिवल्यावर श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. माजी सरपंच उभे राहिले. आबांच्या गुरांबद्दल बोलले, गोठ्यातल्या पंख्याबद्दल बोलले. लोक हसले आणि रडलेही. मग ते म्हणाले, "आबांचं खरं सुख म्हंजी त्यांचे जावई. आबांनी पारावर बसून आमाला किती येळा सांगितलं. नातवाचा पयला वाडदिस. मोठमोठे सायेब आल्याले. आबा रातभर गाईपाशी जागल्याले, सदरा तसाच, आनवाणी. दुसरा कुनी आसता तर म्हनला आसता, मागच्या दारानं या. जावई सोता पळत गेटावर आले. हाताला धरून सायबांच्या रांगेत बसवलं आन म्हनले, ह्ये माजे वडील. आन आबांनी नेलेल्या चिकाचा खरवस करून पयल्यांदा सायबांना वाटला. आसा जावई मिळायला पुन्य लागतं."

सगळ्या माना भावाकडे वळल्या. मंडपात पारावरचे म्हातारे होते. त्यातले दोघं-तिघं मान हलवत होते, त्यांनी हे आबांच्या तोंडून ऐकलं होतं. आबांनी ते किती वर्षं सांगितलं असेल! केवढं बारीकसारीक जुळवून सांगितलं असेल!

"पावनं, दोन शब्द," सरपंच म्हणाले आणि माईक भावाच्या हातात दिला.

तो उभा राहिला. त्याचा चेहरा मी जन्मापासून ओळखते. तो आता खरं सांगणार, हे मला कळलं. "आबांनी जे सांगितलं, ते..." तो म्हणाला आणि थांबला. बायकांच्या बाजूला बसलेल्या भावजयीकडे त्यानं पाहिलं. तिनं मान हलवली. इतकी थोडी, की मी तिच्याकडेच बघत नसते तर मला दिसली नसती. नाही. माझ्या बापाला त्याच्या गावात खोटं पाडायचं नाही.

भावानं माईक खाली घेतला, हात जोडले आणि तसाच उभा राहिला. लोकांना वाटलं, त्याला हुंदका आवरत नाही. माझ्या शेजारची म्हातारी डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "लय जीव हुता बाई त्याचा सासऱ्यावर."

मला तिथून उठून जायचं होतं. तेवढ्यात सरपंचांची नजर माझ्यावर पडली. "ताई, तुमी खाली का? पुढं या. आबा म्हनायचे, त्या दिशी ताट तुमीच वाडलं हुतं त्यांना, आदी त्यांना आन मग सायबांना."

रांगेतला एक माणूस लगबगीनं उठला, उपरण्यानं खुर्ची पुसून माझ्यासाठी मोकळी केली. नको म्हणावं, तर का ते सांगावं लागलं असतं. सगळे माझी वाट बघत होते. मी गेले आणि त्या खुर्चीत बसले.